एका आठवड्याची मालकी

गेल्या महिन्यात माळा आवरायला काढला. (खरं म्हणजे काढावा लागला. उंदीर.) पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत बाबांच्या फायली निघाल्या. बाबा महालेखाकार कार्यालयात होते, ऑडिटमध्ये, त्यामुळे आमच्या घरात दुधाच्या हिशेबाचीसुद्धा फाईल असायची. त्यातल्या एका निळ्या फायलीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: 'सुट्टी'.

आत एक प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी किनार, कोपऱ्यात डोंगर आणि त्यामागे उगवणारा सूर्य. सन १९९४. दरवर्षी एक आठवडा, चार माणसं, ३३ वर्षं. किंमत ४२ हजार, २४ हप्त्यांत. मागे टाचणीनं लावलेल्या पावत्या. टाचणी गंजून पावत्यांना चिकटलेली.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माळा तसाच राहिला आणि मी फाईल घेऊन तिथेच स्टुलावर बसलो. त्या दिवशी सुरू झालेला विचार अजून संपलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं मोठं होईल. चहा घेऊन बसा.

आधी नागपूरविषयी. मे महिन्यात पारा ४६-४७वर जातो, तेव्हा इथून पळून जावंसं वाटणं ही चैन नाही, ती शारीरिक गरज आहे. इंग्रजांनी ती ओळखली होती. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि उन्हाळा लागला की सरकार पचमढीला जायचं. साहेब, कारकून, दप्तरं सगळं सातपुड्यात. म्हणजे ज्या शहरात थंड हवेच्या ठिकाणी सरकारी खर्चानं उन्हाळा काढायची रीत होती, त्या शहरातली आपण माणसं :-) पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. नागपूरची राजधानी गेली आणि पचमढीही मध्य प्रदेशात राहिली. आपल्या वाट्याला चिखलदरा आला. तेही छानच आहे. पण आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाकडे हिंगणघाट. तिथे नागपूरइतकंच ऊन, फक्त आंबे जास्त.

तर अशा शहरात १९९०नंतर टाइमशेअरवाले आले.

ही कल्पना मुळात युरोपातली. १९६०च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये स्कीइंगवाल्यांना दर हिवाळ्यात खोल्या मिळेनात, तेव्हा खोली विकण्याऐवजी खोलीतला 'काळ' विकायची युक्ती निघाली. पण तिचा खरा प्रसार झाला अमेरिकेत, आणि तोही मंदीमुळे. १९७३चा तेलाचा भडका आणि त्यानंतरची मंदी यात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बांधलेले फ्लॅट पडून राहिले. अख्खा फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक नाही, मग त्याचे आठवड्याआठवड्याचे तुकडे करून विकायला सुरुवात झाली. १९७४ सालीच इंडियानापोलिसमध्ये आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी निघाली. तुमचा आठवडा द्या आणि दुसऱ्याचा, दुसऱ्या गावचा घ्या. कोणता आठवडा किती मागणीचा हे दाखवायला लाल, पांढरा, निळा असे रंग. म्हणजे मंदी आली की टाइमशेअर बुडतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याचा जम मंदीतच बसला. न विकला जाणारा माल बारीक चिरून विकणे, ही आपल्या सीताबर्डीच्या बाजारातलीही जुनी विद्या आहे. अख्खा फणस कोणी घेत नाही, गरे सगळे घेतात.

भारतात हे आणलं मद्रासच्या स्टर्लिंगनं. कंपनी १९८६ची, सुरुवात कोडाईकनालला. पाठोपाठ बरेच जण आले. महिंद्रा १९९६मध्ये या धंद्यात उतरली. तेव्हाची वर्तमानपत्रं आठवून पाहा. एका पानावर सागवानाची झाडं (आज एक रोप लावा, वीस वर्षांनी लखपती व्हा), दुसऱ्यावर सुट्टीचा आठवडा. दोन्हीकडे भाषा सारखीच. दोन्हीकडे हिरवळ.

नागपुरात विकणाऱ्यांचा युक्तिवाद मोठा चपखल होता. हे शहर नोकरदारांचं. रेल्वे, कोळसा खाणी, आयुधनिर्माणी, नीरी, रिझर्व्ह बँक, एजी ऑफिस. केंद्र सरकारच्या माणसाला एलटीसी मिळते, पण ती फक्त भाड्याची. राहण्याचा खर्च ज्याचा त्याचा. आमच्या घरी सोफ्यावर बसून टायवाल्या मुलानं नेमकं हेच सांगितलं होतं. "साहेब, जाण्यायेण्याचं सरकार बघतं, राहण्याचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त बॅग भरायची." बाबांनी त्याला चार तास बसवून ठेवलं. कराराचं एकेक कलम वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. मुलाला दोनदा चहा, एकदा पोहे झाले. आणि मग बाबांनी सही केली.

बाबांनी! ज्यांनी आयुष्यभर रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून वाद घातला त्यांनी.

मामा तेव्हा आलेला होता. तो म्हणाला, "भाऊजी, हॉटेलात राहाले लोक निघताना पैसे देते. तुमी तेतीस वर्सं आंधीच देऊन राहिले?" बाबा फक्त हसले.

आज हिशेब मांडला तर मामाच बरोबर होता. ४२ हजार त्या वेळी बँकेत ठेवले असते तर दहा-अकरा टक्क्यांनी वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास व्याज आलं असतं. तेवढ्यात त्या काळी चांगल्या हॉटेलात आठवडा निघत होता, मुद्दल शाबूत ठेवून. शिवाय कंपनीचा वार्षिक देखभाल खर्च वेगळा, आणि तो दरवर्षी वाढणारा. आणि कंपनीच्या बाजूनं पाहा. वर्षाचे बावन्न आठवडे, दोन रंगरंगोटीला सोडले तर पन्नास. पन्नास गुणिले ४२ हजार म्हणजे एकवीस लाख. एका छोट्या फ्लॅटचे! तेवढ्यात तेव्हा आमच्या लक्ष्मीनगरात दोन-तीन फ्लॅट आले असते. बाबांना हा गुणाकार येत नव्हता असं मला कोणी सांगू नये. तो त्यांनी केलाच असणार. मग सही का केली? याचं उत्तर मला बरीच वर्षं मिळालं नव्हतं. ते नंतर सांगतो.

गेलो आम्ही एकदाच. १९९६च्या जूनमध्ये. बाबांनी 'पांढरा' हंगाम घेतला होता, लालपेक्षा स्वस्त. त्यामागेही त्यांचा खास विदर्भी हिशेब होता. बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनअखेरीस. म्हणजे गर्दी ओसरल्यावरचे दहा दिवस फक्त वैदर्भीयांचे! पाऊसही तेव्हाच सुरू होतो हे त्या हिशेबात बसलं नाही. जीटी एक्स्प्रेसनं मद्रास, मग पुढे एक रात्र, मग बस. सात दिवसांपैकी सहा दिवस पाऊस. अर्धी इमारत तयार, अर्ध्यावर बांबूचे पहाड. खोलीत छोटा ओटा आणि गॅसची शेगडी होती, ती पाहून आईचे डोळे चमकले. तिनं नागपुरातूनच कुकर, पोळपाट-लाटणं, मेतकूट, सगळं आणलेलं होतं. सात दिवस आम्ही ढग बघत मऊ भात खाल्ला. ताई आणि मी पत्ते खेळून कंटाळलो. बाबा मात्र रोज सकाळी छत्री घेऊन बांधकाम बघायला जायचे. "आपल्या मागची विंग पुढच्या वर्षी होईल," असं परत येऊन सांगायचे. 'आपल्या'.

ती विंग कधीच झाली नाही.

याचं कारण आमच्या कंपनीपुरतं नव्हतं. १९९५-९६मध्ये पैसा महाग झाला, व्याजदर चढले, त्यापाठोपाठ जागांचे भाव बसले. १९९७मध्ये सीआरबी कोसळली आणि लोकांच्या ठेवींवर जगणाऱ्या सगळ्या बिगरबँक कंपन्यांवरचा विश्वास उडाला. रिझर्व्ह बँकेनं नियम आवळले. त्याच वर्षी जुलैपासून थायलंड, इंडोनेशिया, कोरियात चलनं कोसळत गेली. १९९८मध्ये पोखरण, निर्बंध. आणि त्याच वर्षी सागवानवाली अनुभव प्लँटेशन्स बुडाली. त्यानंतर सागवान म्हटलं तरी लोक दार लावून घेत. सुट्टी विकणाऱ्यांनाही तीच वागणूक मिळाली.

यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. टाइमशेअरवाल्याचं घर चालतं ते नव्या सभासदाच्या पैशावर. जुन्या सभासदानं दिलेले पैसे जुन्या इमारतीत, जाहिरातीत आणि टायवाल्या मुलांच्या कमिशनमध्ये गेलेले असतात. वार्षिक फीत फार तर झाडलोट आणि वीजबिल. मागची विंग बांधायची ती उद्या येणाऱ्या माणसाच्या पैशातून, नाहीतर कर्जातून. म्हणजे मंदीची भीती जुन्या सभासदाला स्वतःला वाटो न वाटो, त्यानं फरक पडत नाही. त्यानं पैसे भरून झालेत. कुठल्यातरी अनोळखी माणसानं, इंदूरला किंवा कोइमतूरला, सोफ्यावर बसून "यंदा नको, दिवस बरे नाहीत" असं म्हटलं की इकडे आपल्या खोलीचं छत गळायला लागतं. भिशीत निदान बाकीचे मेंबर कोण हे माहीत असतं.

आणि 'मालक' म्हणायचं, पण मालकी कशाची? अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी आठवड्याचं खरेदीखत होतं. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती फक्त वापरायचा हक्क. जमीन कंपनीची, इमारत कंपनीची, त्यावर बँकेचा बोजा. कंपनी बसली तर आधी बँक, मग बाकीचे, आणि रांगेच्या शेवटी निळी फाईल हातात घेतलेले आमचे बाबा. युरोपात १९९४ साली टाइमशेअरच्या गिऱ्हाइकांसाठी खास निर्देश निघाला. सही केल्यावर ठरावीक दिवसांत मन बदललं तर पैसे परत. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा आजही नाही. ग्राहक मंच आहे, तिथे लोक जातात, काहींना पैसेही मिळतात. पण मंचात जायला चिडावं लागतं, आणि बाबांना चिडण्यापेक्षा पत्रव्यवहार आवडायचा.

फायलीत तो सगळा आहे. १९९७: आरक्षण उपलब्ध नाही. १९९८: आपलं पत्र मिळालं. १९९९: पत्ता बदलला आहे. त्यानंतर त्यांचं पत्रच नाही, फक्त बाबांच्या पत्रांच्या कार्बन प्रती. आणि तरीही २००१पर्यंत दरवर्षीच्या फीचा डिमांड ड्राफ्ट! आईनं एकदा वैतागून विचारलं होतं की जी खोली मिळतच नाही तिची झाडलोट आपण का करतोय. बाबा म्हणाले, "मी पैसे भरणं थांबवलं तर कसूर माझी होईल. मी भरत राहिलो तर कसूर त्यांची." हे अगदी ऑडिटरचं उत्तर होतं. आम्ही सगळे खूप हसलो होतो त्यावर.

(त्या काळातल्या सगळ्याच कंपन्या गेल्या असं नाही. स्टर्लिंगसुद्धा बरीच वर्षं अडचणीत होती, पण टिकली. नवं भांडवल आलं, आणि २०१४मध्ये थॉमस कूकनं ती आपल्याकडे घेतली.)

आता माझी पाळी. एवढं बघून माणूस शहाणा होतो, नाही? २००६च्या पावसाळ्यात रामदासपेठेतल्या एका हॉटेलात 'फक्त दीड तासाचं सादरीकरण, मोफत जेवण आणि भेटवस्तू' या आमंत्रणावर मी आणि बायको गेलो. भेटवस्तू घेऊन सटकायचं असं ठरवून. रात्री साडेअकराला बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात सॅण्डविच टोस्टर होता आणि पंचवीस वर्षांचा करार. एक लाख ऐंशी हजार. थोडे रोख, बाकी ४८ हप्ते, महिना चार हजारांच्या आसपास.

दिवसच तसे होते हो. मिहानची चर्चा, वर्धा रोडच्या जागांचे भाव दर आठवड्याला नवे, सेन्सेक्स रोज पहिल्या पानावर. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रकचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होतो. तीन पाळ्या चालायच्या. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी करार मागून घेतला, चष्मा लावला, दोन दिवस वाचला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "कागद आमच्यापेक्षा बरा आहे."

मग २००८. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर साडेआठ हजारांवर. सप्टेंबरात लेहमन. ट्रकची विक्री इतकी झपाट्यानं पडली की दिवाळीनंतर आमच्याकडे एकच पाळी राहिली, तीही आठवड्यातून चार दिवस. पगार त्या मानानं. पुण्याबंगळुरूच्या मित्रांचे रोज नवे निरोप, अमक्याला काढलं, तमक्याला थांबवलं. घराचा हप्ता होता, तो चुकवून चालणार नव्हतं. शाळेची फी होती. आणि शिवाय सुट्टीचा हप्ता. वीस बाकी.

त्या रात्री बायकोनं वहीत दोन रकाने पाडले. सोडून दिलं तर भरलेल्यातलं बरंचसं बुडणार, कापून घेऊन थोडं परत मिळेल, तेही कधी ते माहीत नाही. विकावं म्हटलं तर घेणार कोण? नवं सभासदत्वच सवलतीत मिळत असताना जुनं कोण घेईल? भरत राहावं तर नोकरीचा भरवसा नाही. "आपण सुट्टीला जातोय की सुट्टीला ओलीस आहोत?" तिनं विचारलं. मी गप्प.

न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाची तर याहून वाईट गत. त्याचा ऑर्लँडोचा आठवडा खरेदीखताचा, म्हणजे पक्का मालक. २००९मध्ये नोकरी गेली, तेव्हा तो आठवडा फुकटात परत घ्या म्हणून कंपनीच्या मागे लागला. त्यांनी घेतला नाही. कारण तो असेपर्यंत देखभालीची फी येत होती. ईबेवर तेव्हा असे आठवडे एकेका डॉलरला निघत होते. तिकडचा धंदा कर्जावर चालायचा. गिऱ्हाइकांच्या हप्त्यांची गाठोडी बांधून ती रोख्यांच्या बाजारात विकायची आणि आलेल्या पैशातून नव्या गिऱ्हाइकाला कर्ज द्यायचं. २००८मध्ये रोखे घेणारे गायब झाले आणि वेस्टगेटसारखी मोठी कंपनीसुद्धा गुडघ्यावर आली. तिच्या मालकाच्या घरावर 'द क्वीन ऑफ व्हर्साय' नावाचा माहितीपट आहे, २०१२चा. मिळाला तर जरूर बघा. अर्धवट बांधलेला महाल आणि त्यात हिंडणारी कुत्री.

आपल्याकडे तसं झालं नाही, आणि नागपुरात तर नाहीच. याचं एक मजेशीर कारण मला नंतर लक्षात आलं. २००८च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं सहावा वेतन आयोग लागू केला. थकबाकीचे ४० टक्के त्याच वर्षी, उरलेले ६० पुढच्या. ज्या वर्षी आम्ही खाजगीवाले घाबरून बसलो होतो, त्याच वर्षी शेजारच्या सरकारी घरात नवा फ्रीज आणि एलसीडी येत होता. एकाच गल्लीत मंदी आणि दिवाळी! महिंद्रा हॉलिडेजनं जून २००९मध्ये आपले शेअर बाजारात आणले, ३०० रुपयांना, तेव्हा बाजारात दुसरं कोणी यायला धजत नव्हतं, आणि ते खपले.

आणि आता ते, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ताई, तू हे वाचत असशीलच, तर तुलाही आज पहिल्यांदा कळतंय.

थकबाकी पेन्शनवाल्यांनाही मिळाली होती. डिसेंबरात एका दुपारी बाबांनी मला खोलीत बोलावलं आणि पाकीट दिलं. आत सहा हप्त्यांचे पैसे, मोजून. वर चिठ्ठी: 'सुट्टी खाते'. मी म्हटलं, बाबा, हे सोडून द्यायचं ठरवलंय आम्ही. ते म्हणाले, "सोडू नको. तू सोडलंस तर मग माझ्याकडेही काही नाही."

मला तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, स्वतःचे बुडाले त्याची भरपाई शोधतायत. थोडं रागावूनच पैसे घेतले. ते परत करायचं राहून गेलं.

जानेवारी २००९मध्ये आम्ही गोव्याला गेलो. आई आली. बाबा गुडघ्यांमुळे आले नाहीत. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम दीड महिना झालेला, किनाऱ्यावर पोलीस, परदेशी माणूस मोजकाच. शेजारच्या मोठ्या हॉटेलात संध्याकाळी तीन-चार खिडक्यांत दिवे. आणि आमचं रिसॉर्ट? गच्च! एकही खोली रिकामी नाही. ज्यांनी पैसे आधीच भरलेले त्यांनी वाया का घालवावे? पण उपाहारगृहात वेटर उभे. बारा वाजले की व्हरांड्यातून चालताना प्रत्येक दाराआड कुकरची शिटी. कुठे सांबाराचा वास, कुठे फोडणीच्या वरणाचा, कुठे खिचडीचा. मंदी अशी दिसते हे मला तिथे कळलं. माणसं आली होती, फक्त हात खिशात घालून आली होती. आई तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या बडोद्याच्या बाईंशी मेथीची जुडी वाटून घेत होती. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खोली मिळाली? बांधकाम पूर्ण आहे?

कंपन्यांचे हिशेबही या दिवसांत वेगळ्या नजरेनं वाचले. महिंद्राच्या ताळेबंदात सभासदाच्या रकमेतले ६० टक्के पहिल्याच वर्षी उत्पन्न म्हणून धरायचे आणि ४० टक्के उरलेल्या वर्षांवर पसरायचे, अशी पद्धत होती. २०१०मध्ये आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं मान्य केलं की पुढची सेवा द्यायची बाकी असताना सगळी रक्कम पहिल्या वर्षाचं उत्पन्न म्हणता येत नाही. मग २०१८पासून नव्या लेखा-मानकानं हिशेबच बदलला, रक्कम मुदतभर पसरवायची. बाबा असते तर म्हणाले असते, मी १९९४ साली समासात हेच लिहिलं होतं.

मंदीच्या भीतीचा दुसरा चेहरा मात्र याहून काळा आहे, आणि तो अस्सल महाराष्ट्राचा आहे. २००३-०४मध्ये ठेवींचे व्याजदर पाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत आले. निवृत्त माणसाचं घर व्याजावर चालतं. त्याला प्रवास नको असतो, मुद्दल सुरक्षित हवं असतं आणि दोन टक्के जास्त. अशांसाठी 'रूम नाइट्स' निघाल्या. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज त्यात सर्वांत मोठी. तुम्ही हॉटेलच्या रात्री विकत घ्यायच्या, वापरल्या नाहीत तर मुदतीअंती वाढीव रक्कम परत. विकणारे आपलेच, शेजारचे, शाळेतले, नात्यातले. म्हणजे सुट्टीचा सगळ्यात मोठा गुण कोणता, तर ती घ्यावी लागत नाही! सेबीनं म्हटलं की ही सुट्टी नव्हे, ही सामूहिक गुंतवणूक योजना, आणि तिला परवानगी नाही. सागवानाच्या धड्यानंतर १९९९मध्ये केलेलेच ते नियम. जुलै २०१४मध्ये नवे पैसे घेण्यावर बंदी, फेब्रुवारी २०१६मध्ये परतफेडीचा आदेश. आकडा ७,०३५ कोटी रुपयांचा, गुंतवणूकदार ५१ लाखांवर. त्याच सुमारास रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्सवरही असेच आदेश निघाले. त्यानंतर सुरू झालेल्या जप्त्या आणि लिलाव वर्षानुवर्षं चालले.

मला वाईट वाटतं ते या लोकांना हावरट म्हटलं जातं त्याचं. ते घाबरलेले होते. बाबांच्या पिढीनं १९९१ साली देशाचं सोनं गहाण पडलेलं पाहिलंय, एम्प्रेस मिलचा भोंगा बंद पडलेला ऐकलाय. या माणसांनी भीतीपोटी सुट्टीचं रूपांतर मुदतठेवीत केलं. बाबांनी उलटं केलं होतं.

२०२०च्या मार्चमध्ये रिसॉर्टं बंद झाली तेव्हाही फीचं बिल वेळेवर आलं. या खेपेला बायकोनं रकाने पाडले नाहीत. "भर," म्हणाली, "नाहीतर कसूर आपली."

आता फायलीकडे येतो. प्रमाणपत्र उलटून पाहिलं तर मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांनी पट्टीनं रेघा मारून तक्ता केलेला होता. डावीकडे वर्षं, १९९५ ते २०२७. उजवीकडे पेन्सिलीनं नावं. सुरुवातीला आम्ही चौघं. १९९९ला 'दोघेच (मुले परीक्षा)'. २००३ला ताईसमोर 'जावई?'. २००५ला 'सून'. २०१०च्या पुढे 'नातवंडे, शाळेची तारीख बघणे'. २०१५ला 'हिंगणघाटकरांना न्यावे'. २०२०नंतर आईचं आणि त्यांचं नाव नाही, फक्त आमची, आणि प्रत्येक वर्षापुढे बारीक अक्षरात 'छत्री'.

१९९६समोर बरोबरची खूण आहे. शाईनं.

आणि शेवटच्या ओळीत, २०२७समोर, लिहिलंय: 'मुदत संपते. नूतनीकरण करावे किंवा कसे, मुलांना विचारणे.'